जुन्या कॅम्पर व्हॅनमधील फ्यूज बॉक्स व विद्युत दोषांचे निवारण : फोक्सवॅगन टाईप २ च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात प्रवास व निवास या दोन्ही गरजा भागविणारे वाहन म्हणून कॅम्पर व्हॅन लोकप्रिय झाली. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये ‘टाईप २’ या व्हॅनचे उत्पादन सुरू केले आणि १९५१ पासून वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून देण्यास प्रारंभ केला. जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार झालेल्या दुसऱ्या पिढीच्या व्हॅन आजही अनेक देशांत हौसेने जतन केल्या जातात. मात्र वाहन जसजसे जुने होते तसतसे त्याच्या वायरिंगमधील दोष वाढत जातात. दिवे मंदावणे, फ्यूज वारंवार उडणे, वायपर मध्येच थांबणे ही त्याची नित्याची लक्षणे होत. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणमीमांसा व निवारणाच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे.

फ्यूजचे कार्य :
फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार धोकादायक प्रमाणात तापण्यापूर्वी फ्यूज वितळून मंडल खंडित करतो. वारंवार उडणाऱ्या ८ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी २५ अँपिअरचा फ्यूज बसविल्यास त्याच तारेतून तिप्पट धारा वाहू शकते व उष्णता सुमारे दहापट होते. अशा वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि तारेचे वेष्टन जळू लागते. चांदीचा कागद गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करण्याच्या पद्धतीत तर हे संरक्षण पूर्णपणे नाहीसे होते.

या व्हॅनमध्ये इंजिन, बॅटरी व पेट्रोलची टाकी ही सर्व मागील भागात एकमेकांच्या जवळ असतात. १६०० सी.सी. इंजिनाचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असून ते पेटल्यास पाण्याने विझत नाही, उलट अधिक भडकते. शिवाय अशा वाहनात माणसे रात्री झोपतात. त्यामुळे येथील विद्युत दोष हा जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

फ्यूज बॉक्सची रचना व दोषांची कारणे :
या व्हॅनचा फ्यूज बॉक्स चालकासमोरील डॅशबोर्डखाली असतो. त्यात सामान्यतः १२ फ्यूज असतात. दोन्ही टोकांना निमुळता असलेला दंडाकृती फ्यूज धातूच्या दोन स्प्रिंगसारख्या पट्ट्यांमध्ये केवळ दाबाने धरलेला असतो व त्याची धातूची पट्टी उघडी असते. दमट हवेमुळे टोकांवर ऑक्साईडचा थर जमतो, कालांतराने पट्ट्यांचा दाब कमी होतो आणि संपर्काच्या ठिकाणी रोध निर्माण होतो.

हा रोध अल्प वाटला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. १२ व्होल्टवर चालणारा ५५ वॅटचा हेडलाईट सुमारे ४.६ अँपिअर धारा घेतो. संपर्काचा रोध ०.२ ओहम असल्यास तेथे सुमारे ०.९ व्होल्टची घट होते व सुमारे ४ वॅट उष्णता फ्यूज बॉक्समध्येच निर्माण होते. व्होल्टेजमधील ७ ते ८ टक्के घटीमुळे दिव्याचा प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो. फ्यूजचे अंग प्लॅस्टिकचे असल्यास ते या उष्णतेने मऊ पडते आणि पकड आणखी सैल होते. म्हणजेच एक दोष दुसऱ्या दोषास जन्म देतो. १९६७ च्या मॉडेलपूर्वीच्या ६ व्होल्टच्या व्हॅनमध्ये तेवढ्याच वॅटच्या दिव्यास दुप्पट धारा लागते. त्यामुळे तेथे हा परिणाम अधिक तीव्र असतो.

दुसरे प्रमुख कारण म्हणजे सदोष अर्थ. विद्युतधारेचा परतीचा मार्ग वाहनाच्या पत्र्यातून जातो. अर्थच्या जोडणीस गंज लागल्यास धारा अन्य मार्ग शोधते. इंडिकेटर लावताच मागील दिवा मंद लुकलुकणे हे याचे लक्षण होय. तिसरे कारण म्हणजे मागाहून केलेली जोडकामे. फ्रिज, दिवे, दुसरी बॅटरी यांच्या तारा अनेकदा फ्यूजविना थेट बॅटरीस जोडलेल्या आढळतात.

दोषशोधन व निवारण :
फ्यूज शाबूत असूनही उपकरण चालत नसेल तर संपर्क किंवा अर्थ तपासावा. नवा फ्यूज तत्क्षणी उडत असेल तर शॉर्ट सर्किट आणि काही वेळाने उडत असेल तर अतिभार किंवा हादऱ्याने घासली जाणारी तार संभवते.

फ्यूज बॉक्सच्या स्वच्छतेपूर्वी बॅटरीची ऋण जोडणी काढावी. फ्यूजची टोके व पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून पट्ट्यांचा दाब वाढवावा. जळालेल्या किंवा सैल झालेल्या पट्ट्या बदलणेच योग्य होय. बॅटरी पुन्हा जोडून व उपकरण चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेजमधील घट मोजावी. ती ०.१ व्होल्टपेक्षा कमी असणे इष्ट आहे. अर्थची परीक्षाही याच रीतीने उपकरणाचे आवरण व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये करता येते.

शॉर्ट सर्किट शोधताना एकामागून एक फ्यूज जाळणे निरर्थक आहे. त्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा दिवा जोडावा. त्या मंडलातील दिवे व उपकरणे काढून ठेवून स्विच सुरू केल्यावरही हा दिवा पेटला तर दोष तारेत आहे. दिव्यामुळे धारा २ अँपिअरच्या आत राहते. त्यामुळे एकेक जोडणी सोडवत जाऊन दिवा कोठे विझतो, हे सुरक्षितपणे पाहता येते. जर्मन मानकानुसार तपकिरी तार अर्थची, लाल तार सतत वीजपुरवठ्याची व काळी तार इग्निशन स्विचनंतरची असते. या ज्ञानामुळे शोध सुकर होतो.

अनेक जण जुन्या फ्यूज बॉक्सऐवजी आधुनिक चपट्या पात्यांच्या फ्यूजचा बॉक्स बसवितात. त्याची पकड निश्चितच चांगली असते. परंतु दोन्ही प्रकारांतील रंगसंकेत भिन्न आहेत. जुन्या प्रकारात पांढरा फ्यूज ८, लाल १६ व निळा २५ अँपिअरचा असतो, तर नव्या प्रकारात लाल १०, निळा १५ व रंगहीन २५ अँपिअरचा असतो. रंग पाहून बदल केल्यास ८ अँपिअरच्या तारेवर २५ अँपिअरचा फ्यूज बसण्याचा धोका आहे. म्हणून ८ च्या जागी ७.५ व १६ च्या जागी १५ असा आकडा पाहूनच फ्यूज निवडावा.

निष्कर्ष :
१. फ्यूज उडणे हा मूळ दोष नसून दोषाची सूचना आहे. कारण शोधल्याशिवाय तो बदलणे अपुरे आहे.
२. फ्यूजची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरते. ती वाढविणे म्हणजे दोष तारेत ढकलणे होय.
३. जुन्या व्हॅनमधील अनेक विद्युत दोष स्वच्छ संपर्क व सुस्थितीतील अर्थ यांनीच दूर होतात.
४. मागाहून जोडलेल्या प्रत्येक तारेस बॅटरीच्या धन टोकाजवळच स्वतंत्र फ्यूज असणे आवश्यक आहे.

ओहमचा नियम व विद्युतधारेचा उष्णता परिणाम हे महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील परिचित विषय आहेत. जुन्या वाहनाचा फ्यूज बॉक्स आणि एक साधा मल्टिमीटर यांच्या साहाय्याने ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजून दाखविता येतात. विद्यार्थ्यांना सूत्रामागील व्यावहारिक जबाबदारीची जाणीव करून देण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरेल.