टोकियो : यादी नको, नकाशा घ्या

आई-बाबांना घेऊन टोकियोला जायचं ठरलं आणि सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट उघडली. पाच दिवसांत बत्तीस ठिकाणं! आईचे गुडघे मात्र त्यातल्या एकाही रकान्यात बसेनात. मग यादी बाजूला ठेवून रेल्वेचा नकाशा घेतला.

यामानोते ही शहरातली वर्तुळाकार रेल्वे. स्थानकं ३०, पूर्ण फेरी साधारण तासाभराची. तिचा एक तुकडा म्हणजे आमचा एक दिवस. उएनोचं उद्यान, तिथून १९२७ साली सुरू झालेल्या मेट्रोमार्गाने आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर. दुसऱ्या दिवशी ओळीने शिबुयाचा चौक, हाराजुकूचं मेइजी देवस्थान आणि शिंजुकू. तिथे महानगर सरकारच्या इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावरून शहर फुकटात दिसतं. दुपार विश्रांतीसाठी मोकळी.

आई शाकाहारी. साध्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी उपाहारगृहं आधीच नकाशावर टिपली.

तुम्हीही घरच्या मोठ्यांना नेणार असाल, तर प्रत्येक स्थानकाचं लिफ्ट असलेलं दार आधी शोधून ठेवा. मोठ्या स्थानकांना दारं डझनावारी असतात आणि लिफ्ट प्रत्येक दाराशी नसते.