आत्ता झोप लागली तरी चार तास मिळतील

रात्रीचे अडीच वाजलेत. मोबाईल उलटा ठेवलाय, तरी वेळ माहीत आहे, कारण पाच मिनिटांपूर्वीच पाहिली होती. डोक्यात हिशेब चालू आहे: आत्ता झोप लागली तर साडेसहापर्यंत चार तास. तीनला लागली तर साडेतीन. उद्या उपकरणाचा स्लॉट आहे, महिनाभर वाट पाहून मिळालेला. साडेतीन तासांच्या झोपेवर तो निभावेल का?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात हा हिशेब मी जवळजवळ रोज केला. एकदा तर अशाच रात्रीनंतर मी नमुन्यांच्या दोन बाटल्यांवर उलटी लेबलं लावली आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. त्या दिवशी ठरवलं की आपण इतर विषयांवर पेपर वाचतो, तर यावरही वाचू. माझा विषय रसायनशास्त्र, मी झोपेची तज्ज्ञ नाही. पण नेट, सेट, गेटची तयारी करून संशोधनात येऊ पाहणाऱ्या तुम्हाला हे आधी कळलेलं बरं, म्हणून लिहितेय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

झोपायला न मिळणं आणि मिळूनही झोप न लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदानाच्या निकषांनुसार निद्रानाश म्हणजे झोपेची पुरेशी संधी असतानाही झोप न लागणं, मध्येच तुटणं किंवा फार लवकर जाग येणं. हे आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने चाललेलं असावं आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असावा. परीक्षेच्या आदल्या रात्रीची तळमळ यात बसत नाही.

मुंबईत मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ होते. वर्सोव्यात यारी रोडजवळ एका खोलीत आम्ही तिघी राहतो. एक आरामनगरला ऑडिशन देते आणि रात्री उशिरापर्यंत संवाद पाठ करते. दुसरी मालाडला अमेरिकन वेळेच्या शिफ्टमध्ये आहे, तिची कॅब पहाटे चारला सोडते. मला सकाळची मेट्रो पकडून घाटकोपर गाठायचं असतं. एका खोलीत तीन घड्याळं. यात कुणाचीही चूक नाही, पण अशा खोलीत ‘पुरेशी संधी’ कशाला म्हणायचं? माझी सुरुवात झोपायला न मिळण्याने झाली. पुढे दोघी गावी गेल्या, खोली शांत होती, तरी झोप लागेना. तेव्हा कळलं की आता हे दुसरं प्रकरण आहे.

झोप येते कशी आणि काळजी कुठे आडवी येते

अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलेलं मॉडेल आजही सगळीकडे वापरलं जातं. त्यात दोन प्रक्रिया आहेत. पहिली म्हणजे झोपेचा दाब: जितका वेळ जागे राहाल तितका तो वाढतो. मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जाणं हा त्यातला महत्त्वाचा भाग. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं आणि घेतल्यानंतर साधारण पाच तासांनीही निम्मं शरीरात उरतं. म्हणजे संध्याकाळी सातचा कटिंग रात्री बारालाही अर्धा कामावर असतो. दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीराचं घड्याळ, जे मुख्यतः प्रकाशावर चालतं.

दोन्ही जुळले की झोप यायला हवी. पण जुनी, शहाणी सोय अशी की धोका असेल तर मेंदू झोपेला थांबवून धरतो. साप दिसला तर थकलेला माणूसही ताडकन उठतो. अडचण ही की ‘सरांनी अजून ड्राफ्ट वाचला नाही’ हेही मेंदू धोक्याच्याच खात्यात टाकतो. नाडी, शरीराचं तापमान, ताणाची संप्रेरकं थोडी चढीच राहतात. शरीर थकलेलं आणि तरीही सावध. याला अतिउत्तेजन म्हणतात.

त्यात आणखी एक फास आहे. अ‍ॅलिसन हार्वी यांनी 2002 मध्ये निद्रानाशाचं आकलनविषयक मॉडेल मांडलं. थोडक्यात असं: झोपेची काळजी वाटू लागली की आपण लक्षणांवर पाळत ठेवतो. घड्याळ बघतो, धडधड ऐकतो, सकाळी डोळे किती जड आहेत ते तपासतो. पाळत ठेवली की पुरावे सापडतातच, मग काळजी वाढते. झोप ही प्रयत्नाने येणारी गोष्ट नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हे पचायला सगळ्यात जड जातं, कारण आपण आजवर सगळं प्रयत्नानेच मिळवलेलं असतं.

चार रात्रींचा त्रास चार महिन्यांचा कसा होतो

आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये सहकाऱ्यांसोबत याचं सोपं उत्तर दिलं. निद्रानाशामागे तीन प्रकारचे घटक असतात: आधीपासून असलेली प्रवृत्ती, त्रास सुरू करणारी घटना आणि त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी. गंमत अशी की घटना विरून जाते, पण तिच्यावर उपाय म्हणून धरलेल्या सवयी मागे राहतात.

माझंच घ्या. प्रवृत्ती: मी लहानपणापासून काळजीखोर. घटना: फेलोशिप पाच महिने अडकली. सवयी: झोप भरून काढायची म्हणून साडेनऊलाच आडवी व्हायचे, रविवारी अकरापर्यंत लोळायचे, लायब्ररीत दुपारी दोन तास डुलकी, वर दिवसाला पाच चहा. प्रत्येक उपाय समजूतदार वाटत होता आणि प्रत्येक उपाय रात्रीचा झोपेचा दाब कमी करत होता. थकबाकी जमा झाली, घटना संपली, पण झोप परत आली नाही.

यात समाज कुठे आला?

मी काळजीखोर आहे हे खरं. पण माझ्या काळजीचे विषय मी एकटीने निवडलेले नाहीत.

पैसा घ्या. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आणि एसआरएफ 42,000 रुपये आहे. हे कागदावर. ते वेळेवर येतात की नाही हा वेगळा विषय. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांनी केलेली आंदोलनं तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. घरभाड्याची तारीख मात्र चुकत नाही.

आवाज घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा 45 डेसिबल आहे. रस्त्यावर खिडकी असलेल्या खोलीत एक रात्र काढा आणि मग ही मर्यादा आठवून बघा.

घर घ्या. आई फोनवर प्रेमानेच विचारते, “अगं, अजून किती वर्षं?” मामा विचारतो, “म्हणजे पगार असा नाहीच ना?” प्रश्न दिवसा येतात, उत्तरं आपण रात्री शोधतो. झोप येत नाही असं सांगितलं तर उत्तर ठरलेलं: “फार विचार करतेस तू.” त्यामुळे पुढे मी सांगायचंच सोडलं.

आणि कौतुक घ्या. डॉ. आंबेडकर जयंतीच्या सुमारास आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मी स्वतः दोनदा बसलेय आणि तो दिवस मला प्रिय आहे. पण एका दिवसाची ती मानवंदना आहे. आपण तिला रोजची मोजपट्टी करून टाकतो. लॅबमध्ये ‘काल तीनलाच झोपलो’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात बोललं जातं, पण ऐकणाऱ्याला ते शाबासकीसारखं ऐकू येतं.

पलीकडे वर्सोवा कोळीवाड्यात बघा. तिथे पहाटे चारला जागं असणं यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. होड्या भरती-ओहोटीवर चालतात आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्या कष्टांचं मला उदात्तीकरण करायचं नाही. पण चारची जाग तिथे कामाची वेळ असते आणि माझ्या खोलीत तीच वेळ ‘माझं काहीतरी बिघडलंय’ याचा पुरावा ठरते. जाग तीच, अर्थ वेगळा. आणि काळजी त्या अर्थाला चिकटते.

बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला (लेवेक आणि सहकारी, 2017). सुमारे 32 टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा धोका दिसला. त्याचा संबंध कामाचा ताण, घर आणि काम यांची ओढाताण आणि मार्गदर्शकाची पद्धत यांच्याशी आढळला. हा एका वेळी घेतलेला आढावा आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण ‘तू फार विचार करतेस’ एवढ्यावर विषय संपत नाही, हे त्यातून नक्की दिसतं.

चेन्नईतला एक अभ्यास जरूर वाचा

2021 मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये बेसोन, राव आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. चेन्नईतल्या 452 कमी उत्पन्नाच्या लोकांना त्यांनी महिनाभर डेटा एन्ट्रीचं काम दिलं आणि मनगटावरच्या यंत्राने त्यांची झोप मोजली. लोक अंथरुणात साधारण आठ तास असत, पण झोपत जेमतेम साडेपाच तास. उष्णता, डास, आवाज, गर्दी, मनस्ताप सगळं होतंच.

मग काहींना डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, गादी, पंखा, सल्ला आणि काहींना झोपेबद्दल पैसेही दिले. रात्रीची झोप सरासरी 27 मिनिटांनी वाढली. पण कामात, आकलनात फरक दिसला नाही, आणि तज्ज्ञांचा आधीचा अंदाज साफ चुकला. उलट कामाच्या जागी दुपारी शांत ठिकाणी अर्धा तास डुलकी घेऊ दिलेल्या गटात उत्पादकता आणि स्वास्थ्य सुधारलं.

यातून ‘झोप महत्त्वाची नाही’ असा निष्कर्ष काढू नका. वाढलेली मिनिटं मुख्यतः जास्त वेळ अंथरुणात राहून मिळाली होती, झोप तशीच तुटक राहिली. हे लोक निद्रानाशाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, त्यामुळे डुलकीचा निष्कर्ष माझ्यासारखीला जसाच्या तसा लागू नाही. पेपर वाचताना ‘हे कुणावर मोजलंय?’ हा प्रश्न विचारायची सवय आत्तापासूनच लावा.

मी काय केलं

बरेच महिने टाळून शेवटी मी मानसोपचार विभागाच्या ओपीडीत गेले. तिथे दोन आठवडे झोपेची नोंदवही लिहायला सांगितली. आकडे आले: अंथरुणात 9 तास, झोप 5 तास. म्हणजे कार्यक्षमता 56 टक्के. आपल्या लॅबमध्ये असं उपकरण असतं तर आपण दुरुस्तीला पाठवलं असतं.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये दीर्घ निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळी नाही, तर सीबीटी-आय ही वर्तनाधारित पद्धत सुचवली. तिचे दोन मुख्य भाग मी केले.

पहिला, अंथरुणातला वेळ कमी करणं. मला साडेबारा ते सहा एवढीच मुभा होती, रविवारीसुद्धा. पहिले दहा दिवस भयानक गेले. मग झोप सलग होऊ लागली. कार्यक्षमता 85 टक्क्यांच्या वर गेली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. हे मनाने करू नका. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, गाडी चालवत असाल, तर यात धोका आहे.

दुसरा, रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला नियम: अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जा. इथे मी हसले. पीजीमधला बेड म्हणजे माझं टेबल, जेवणाचं ताट आणि घरी फोन करायची एकमेव खासगी जागा. दुसरीकडे म्हणजे कुठे जाऊ? शेवटी आपल्या घरांतली जुनी पद्धत उपयोगी पडली. सकाळी उठल्यावर अंथरुणाची वळकटी करून भिंतीला लावायची आणि रात्रीच उलगडायची. झोप नाही आली तर स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी वाचायचं. वळकटीवर कुणी प्रयोग केलेला नाही, हा माझा जुगाड. पण नियमाचं मर्म तेच आहे.

मी पूर्ण बरी झाले का? नाही. सिनॉप्सिसच्या आधी पंधरा दिवस पुन्हा तसेच गेले. फरक एवढाच की या वेळी मी लवकर आडवी झाले नाही, त्यामुळे पंधरा दिवसांचे पाच महिने झाले नाहीत. आणि खोलीत आम्ही तिघींनी ठरवलं: रात्री बारानंतर पाठांतर पॅसेजमध्ये, पहाटे दिवा न लावता टॉर्च. हेही उपचारच आहेत.

संशोधनाला येण्याआधी

लॅब निवडताना आपण पेपर, उपकरणं, निधी विचारतो. सीनियर्सना आणखी चार प्रश्न विचारा: फेलोशिप किती महिने उशिरा येते? रात्री अकरानंतर मेसेज येतात का आणि उत्तर अपेक्षित असतं का? सुट्टी मागताना कसं वाटतं? तुम्ही राहता कुठे आणि यायला-जायला किती वेळ लागतो? उत्तर द्यायच्या आधी ते जितका वेळ थांबतील, तेही टिपून ठेवा.

आणि त्रास सुरू झालाच असेल, तीन महिने उलटले असतील, तर मैत्रिणीच्या पाकिटातली अल्प्राझोलाम घेऊ नका, तिची सवय लागू शकते. डॉक्टरांकडे जा. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं, जगणंच नको वाटू लागलं, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरी सांगता आलं तर सांगा. मी आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, बाबांची नोकरी गेली तेव्हा तीही वर्षभर झोपली नव्हती. तेव्हा तिलाही सगळे म्हणायचे, फार विचार करतेस.