लिनक्सवर माउस अडकला? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

दुकानातल्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे, समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि अर्ध्या बिलावर माउस थांबला. आता काय करायचं?

आधी एक लक्षात ठेवा, मेन स्विच बंद करू नका. कीबोर्ड चालतोय ना? मग कंट्रोल-एस दाबून काम सेव्ह करा. टॅबने पुढच्या रकान्यात जा, एंटर दाबा. गिऱ्हाईक मोकळं झालं की दुरुस्ती.

१. माउस दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा. वायरलेस असेल तर सेल बदला. रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टच्या जवळ असेल तर लांब लावून बघा. त्या पोर्टमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला अडथळा येऊ शकतो.

२. बाण उड्या मारतोय? काउंटरच्या काचेवर बऱ्याच माउसना नीट वाचता येत नाही. खाली साधा कागद ठेवा.

३. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा. 'एलएसयूएसबी' ही कमांड लहान इंग्रजी अक्षरांत, सलग टाइप करा. मग माउस काढून पुन्हा तीच द्या. एक ओळ कमी झाली, म्हणजे कॉम्प्युटरला माउस दिसत होता. रिस्टार्ट करा, सेटिंग तपासा. काहीच बदललं नाही, तर दोष बहुधा माउस, वायर किंवा पोर्टमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून खात्री करा. वायरलेसमध्ये मात्र इथे फक्त रिसीव्हर दिसतो.

४. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय? बहुतेक वेळा आतला स्विच झिजलेला असतो. फॉरमॅट मारून तो सुधारत नाही.

आणि हो, एक साधा वायरवाला माउस गल्ल्यात जादा ठेवाच. अर्धा तास बिलिंग बंद राहणं त्याहून महाग पडतं!