परमुलखातले मरण आणि घरातले कागद

माणूस कुठेही जावो, शेवटी त्याला आपल्या माणसांचे चार खांदे मिळावेत, असे आपल्याकडे प्रत्येकालाच वाटते. शहाड, म्हारळ, वरप, कांबा, मोहने, अटाळी या पट्ट्यातला माणूसही त्याला अपवाद नाही. पण पूर्वी या पट्ट्यातला माणूस कामाला जायचा तो शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, आंबिवलीच्या एनआरसीत, नाहीतर लोकल पकडून ठाण्या-मुंबईला. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. शेतीचे तुकडे झाले. मग हातात वेल्डिंगचे, फिटरचे किंवा गाडी चालवायचे कसब असलेला पोरगा दुबई, मस्कत, कुवेतची वाट धरतो. शेजारच्या उल्हासनगरातल्या सिंधी बांधवांचे गणगोत तर देशोदेशी पसरलेले आहे.

परदेशातून येणारे पैसे, नवे घर, दारातली गाडी हे सगळ्यांना दिसते. तिथे काही बरेवाईट झाले तर काय करायचे, हे मात्र कोणी आधी विचारत नाही. अभद्र बोलू नये म्हणतात. विषय अभद्र आहे खरा. पण वाचक हो, वेळ आल्यावर घरच्यांना रडायलाही सवड मिळत नाही, ती कागद शोधण्यात जाते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

कोणाला दोन दिवस, कोणाला चार वर्षे

परदेशातून शव आणायला किती दिवस लागतात? याला एक उत्तर नाही. चार घटना बघा.

अभिनेत्री श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दुबईत वारल्या. पैसा होता, ओळखी होत्या, खास विमान उभे होते. तरी पार्थिव मुंबईत आले २७ तारखेच्या रात्री. कारण मृत्यू हॉटेलात झाला होता, आणि तिथल्या सरकारी वकिलांनी चौकशी पुरी झाल्याचे सांगेपर्यंत शव हलवता येत नव्हते.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात ४५ भारतीय गेले. दोन्ही सरकारे कामाला लागली, ओळख पटवायला डीएनए तपासणी झाली आणि १४ जूनला भारतीय हवाई दलाचे विमान सर्व ४५ शवे घेऊन कोचीला उतरले. केरळमधले तिथेच उतरवून विमान दिल्लीला गेले. सरकारने मनावर घेतले तर काम दोन दिवसांत होते, ते असे.

तिसरी घटना आपल्या जवळची. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथले डहाणू तालुक्यातले आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तान त्यांना पकडते. असाच एक खलाशी मार्च २०२४ मध्ये कराचीच्या तुरुंगात वारला. त्याचे शव अटारीच्या सीमेवरून गावी पोचायला सुमारे दीड महिना लागला. तेवढे दिवस त्या घरात ना सुतक धरता येत होते, ना फिटत होते.

चौथी घटना इराकची. मोसुलमध्ये जून २०१४ मध्ये ३९ भारतीय कामगारांचे अपहरण झाले. ते मारले गेले हे पक्के कळायला मार्च २०१८ उजाडला. एप्रिलमध्ये ३८ जणांचे अवशेष अमृतसरला आणले गेले. घरच्या लोकांचे रक्त घेऊन ओळख पटवावी लागली होती.

या चारही घटनांत एक गोष्ट सारखी आहे. माणूस कोण, तो कसा गेला आणि त्याच्यावर हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांची कागदावर उत्तरे मिळाल्याशिवाय शव हलत नाही. मृत्यू नैसर्गिक असेल आणि कागद धड असतील तर काम लवकर होते. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलीस आले, शवविच्छेदन आले आणि दिवस वाढले.

कागदांची साखळी

आता ही साखळी समजून घ्या. आधी तिथल्या रुग्णालयाचा किंवा सरकारचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघात असेल तर पोलिसांचा सविस्तर अहवाल आणि तो अरबी किंवा दुसऱ्या भाषेत असल्यास त्याचे भाषांतर. मग मृताच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत. त्यानंतर घरच्या वारसाचे संमतीपत्र, नोटरीपुढे केलेले. एवढे हातात आले की भारतीय वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि शव नेण्यास ना हरकत दाखला देते. शव टिकावे म्हणून त्यात औषध भरतात, त्याला एम्बामिंग म्हणतात. त्याचाही दाखला लागतो. मग तिथल्या इमिग्रेशनची आणि कस्टमची परवानगी घेऊन पेटी विमानात चढते.

यात घरच्यांच्या हातात असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे संमतीपत्र. आणि गाडी नेमकी तिथेच अडते. पासपोर्टात नाव एक, रेशनकार्डात दुसरे, आधारवर तिसरेच. लग्नाची नोंद केलेली नाही, त्यामुळे पासपोर्टात बायकोचे नाव नाही. मग वारस कोण? सून म्हणते मी, सासरे म्हणतात मी. भांडण इथे आणि पोरगा तिथे शीतगृहात.

खर्च कोण करणार?

कामावर असलेला माणूस गेला तर शव पाठवण्याचा खर्च बहुतेक वेळा मालकाने करायचा असतो. मालक पळाला, नाही म्हणाला किंवा माणूस बिनपरवाना राहत होता, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ मध्ये सुरू झाला. गरजू कुटुंबाची परिस्थिती पाहून त्यातून शव आणण्याचा खर्च करता येतो. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. अर्ज करावा लागतो.

विमानाचे भाडे हा तर जुना वाद. आखातातून येणाऱ्या शवाचे भाडे कित्येक वर्षे किलोवर घेतले जाई. माणूस मेल्यावर मालासारखा काट्यावर चढवायचा, याबद्दल आखातातल्या कामगारांनी खूप ओरड केली. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एअर इंडियाने तिकडून एकरकमी दर लावला. अमिरातीतून १५०० दिरहॅम, आणि बारा वर्षांखालील मुलासाठी निम्मा. २०२२ मध्ये ती कंपनी टाटांकडे गेली. त्यामुळे आजचा दर विमान कंपनीला विचारूनच धरावा.

पावणेतीनशे रुपयांची गोष्ट

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर हा शेरा असतो. अशा माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते, आणि त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. हप्ता किती? दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये आहेत. शिवाय शव आणण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्या एका माणसाचे विमानभाडेही आहे.

आता एजंट काय सांगतो? ‘कशाला त्या भानगडी? टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.’ पोरगा चार दिवस लवकर जातो, एवढाच काय तो फायदा. पण मंजुरी नाही म्हणून विमा नाही, करार नाही म्हणून मालक जबाबदार नाही, आणि व्हिसा संपला की सरकारदरबारी तो माणूस तिथे नाहीच. तो मेला तर त्याला ‘माझा माणूस’ म्हणणारा कोणी उरत नाही. एजंटचा फोन तर पहिल्याच दिवशी बंद होतो. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर आधी तपासा. विमा दोन-तीन वर्षांनी संपतो, नोकरी चालूच राहते. सुट्टीवर आलेल्या पोराला आठवण करून त्याचे नूतनीकरण करून घ्या.

सही करण्याआधी वाचा

दुःखात माणूस सांगेल तिथे सही करतो. इथेच सावध राहायला हवे. शव आणण्यास संमती देणे वेगळे आणि मृताचा थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, भरपाई यांवर पाणी सोडणे वेगळे. ‘शव लवकर हवे असेल तर यावर सही करा’ असे म्हणत कोणी कोरा किंवा अरबीत लिहिलेला कागद पुढे केला तर सही करू नका. येणे वसूल करण्यासाठी वकिलातीच्या नावे मुखत्यारपत्र करता येते. ते संमतीपत्राहून वेगळे ठेवावे. शव आल्यावरही हा हक्क संपत नाही. पोरांची शाळा आणि कर्जाचा हप्ता त्याच पैशावर असतो.

सहारचा मालधक्का

शव मुंबईला येते तेव्हा ते प्रवाशांच्या दारातून बाहेर येत नाही. ते सहारच्या कार्गो विभागात उतरते, मालाच्या पावतीवर. विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय ते ताब्यात मिळत नाही. त्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ई-केअर नावाचे पोर्टल सुरू केले. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, वकिलातीचा ना हरकत दाखला आणि रद्द पासपोर्टची प्रत त्यावर आधीच भरली की ४८ तासांच्या आत निर्णय मिळावा, अशी ती सोय आहे. विमान निघण्याआधी हे झाले तर सहारला ताटकळावे लागत नाही.

परवानगी आधी न घेतल्यास काय होते, ते एप्रिल २०२० मध्ये दिसले. कोरोनाच्या टाळेबंदीत अबुधाबीहून दिल्लीला आलेली तीन शवे विमानतळावरून परत पाठवली गेली. घरचे बाहेर उभे होते. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि नियम स्पष्ट झाला.

शव घ्यायला पासपोर्टची, दाखल्यांची प्रत आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन दोघा-तिघांनी जावे. शववाहिका आधी ठरवून ठेवावी. सहार ते शहाड अंतर फार नाही, पण ठाण्याची कोंडी आणि शहाडचा उड्डाणपूल यांचा हिशोब धरूनच गावी वेळ कळवावी. पेटी सीलबंद असते. पेटी उघडायची की नाही, हे एम्बामिंगचा दाखला वाचून आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणखी एक. मृत्यू परदेशात झाला म्हणजे त्याची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत होत नाही. ती वकिलातीत होते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम २० मध्ये तशी वेगळी तरतूद आहे. तेव्हा ग्रामसेवकाशी हुज्जत घालू नका. वकिलातीचा दाखलाच बँक, विमा आणि तलाठ्याकडच्या वारसनोंदीसाठी जपून ठेवा. त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा.

आणायचेच का?

हा प्रश्न जड आहे, पण विचारायला हवा. दुबईत हिंदूंसाठी दहनाची सोय आहे. तिथे अंत्यसंस्कार करून फक्त अस्थी आणता येतात. खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात. सौदी अरेबियात मात्र दहनाला परवानगी नाही. तिथे शव आणणे किंवा तिथेच दफन, एवढेच मार्ग उरतात.

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकेतल्या मानलेल्या मावशी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. आपल्याच गावच्या लेकीची माती सातासमुद्रापार मायेने जपली गेली. तेव्हा अस्थी आल्या म्हणून कोणी माया कमी केली, असे गावाने म्हणू नये. निर्णय घरच्यांचा असावा, भावकीच्या टोमण्यांचा नको.

एक पिशवी करून ठेवा

परदेशी जाणारा प्रत्येक जण घरात एक पिशवी ठेवून जाऊ दे. तिच्यात पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, नोकरीचा करार, विम्याची पावती, मालकाचे नाव-पत्ता-फोन, खोलीवरच्या दोन सोबत्यांचे नंबर, लग्नाच्या नोंदीचा दाखला आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे त्याचा कागद असावा. पासपोर्ट आणि आधारवरचे नाव जाण्याआधीच जुळवून घ्यावे.

वेळ आलीच तर पहिला फोन त्या देशातल्या भारतीय वकिलातीला करा. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. परदेशी कामगारांसाठी १८००-११-३०९० हा सरकारचा विनामूल्य क्रमांक आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात पासपोर्ट कार्यालय आणि उत्प्रवासी संरक्षक एकाच छताखाली आहेत.

ग्रामपंचायतींनीही थोडे मनावर घ्यावे. गावातून कोण परदेशी आहे, कुठे आहे, त्याच्या घरचा फोन काय, एवढी वही सरपंचांकडे असावी. त्याला पैसा लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटे या विषयाला द्या. ज्यांचा पोरगा बाहेर आहे, त्यांनी तेवढीही वाट बघू नये. आज रात्री त्याचा फोन येईल तेव्हा ‘जेवलास का?’ विचारून झाले की एवढे विचारा, ‘बाळा, विमा कधी संपतो रे तुझा?’