‘अलाऊ’ कोण दाबतं?

भंडाऱ्याच्या बाजारात मोबाइलच्या काउंटरवरचं बोलणं कॅमेऱ्यापासून सुरू होतं आणि हप्त्यावर येऊन थांबतं. पवनीकडच्या एका अंगणवाडी सेविकेसोबत दुकानात गेलो, तर तिने वेगळंच विचारलं. “भाऊ, याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येईल जी?” दुकानदाराने खोका उलटसुलट करून पाहिला.

तिच्या विचारण्याला कारण आहे. गावातल्या लेकरांची वजनं, गरोदर बायांची नावं, आधार क्रमांक, सगळं ती सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरते. सरकारने दिलेले २ जीबी रॅमचे फोन तापायचे, अडकायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत केले. आता हे काम तिच्या स्वतःच्या फोनवर; तो फुटला, तर गावाची माहिती फुटते.

म्हणून मी अपडेटला कॅमेऱ्याच्या वर ठेवतो. अपडेट थांबले की सॉफ्टवेअरमध्ये नव्याने सापडलेली भोकं बुजवायला कोणी नसतं. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचा शब्द दिला, पण तो फोन महाग. सॅमसंगच्या त्याहून बऱ्याच स्वस्त ए१६ ला सहा वर्षांचा. तिने तोच घेतला, आणि रोखीने. हप्त्यावरच्या फोनमध्ये बरेचदा कर्ज देणाऱ्याचं लॉक ॲप बसवलेलं असतं, ते तिला नको होतं.

मग खरं काम. काउंटरवरच्या पोराने स्क्रीनगार्ड चिकटवला आणि त्याचा अंगठा सवयीने धावू लागला: नेक्स्ट, ॲग्री, अलाऊ. दुकानात जीमेलही असंच उघडून मिळतं, आणि कधीकधी पासवर्ड म्हणून ग्राहकाचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो! “द्या जी, मीच करतो,” म्हणत तिने फोन ओढला. एकेक पान वाचत गेली. जाहिरातींसाठी माहिती देण्याच्या खुणा काढल्या. लोकेशन फक्त ॲप वापरताना. आधीपासून भरलेल्या एका खेळाच्या ॲपला कॉन्टॅक्ट हवे होते; तिने ते ॲपच काढून टाकलं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी ती घाईला आली नाही. पासवर्ड टाकताना तिने फोन छातीशी धरला.

कॅमेरा उघडताच वर कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की तो दिसतो. आपण काही उघडलेलं नसताना तो दिसला, तर सेटिंग्जमध्ये जाऊन कोणतं ॲप पाहतंय किंवा ऐकतंय ते तपासा आणि त्याची परवानगी तिथल्या तिथे काढा.