नल ऑब्जेक्ट ओळखायचं कसं?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरींची माहिती तपासायला ‘रूट’ ही लायब्ररी वापरतात. रने ब्रुन आणि फॉन्स रॅडेमेकर्स यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात ती उभी केली. मूळ सी प्लस प्लसची. ‘पायरूट’मुळे पायथनमधूनही चालते. या दोन भाषांच्या सांध्यातच नवशिके अडखळतात.

फाइलमधून आलेख मागताना नावात एका अक्षराची चूक झाली, तर तो आणून देणारी ‘गेट’ ही आज्ञा तिथल्या तिथे थांबत नाही. सी प्लस प्लसचा ‘नल पॉइंटर’ परत येतो, म्हणजे कुठल्याच वस्तूकडे न नेणारा पत्ता. पायरूट त्याभोवती पायथनचं वेष्टन चढवतं. म्हणून पायथनवाल्यांच्या सवयीची ‘इज नन’ ही तपासणी इथे फसते: तिला वेष्टन दिसतं, आतला रिकामा पत्ता दिसत नाही. ‘इफ नॉट’ मात्र तो पत्ताच पाहते. माझ्या मते तीच वापरावी.

तपासणी गाळली, तर चूक एका ओळीत आणि तो रिकामा पत्ता वापरताना येणारी ‘रेफरन्स एरर’ बऱ्याच खाली, भलत्याच ओळीत. मोठ्या स्क्रिप्टमध्ये हा शोध फार जिकिरीचा. तेव्हा ‘गेट’च्या लगेच खाली तपासणी लिहा आणि संदेशात मागितलेलं नाव जरूर छापा.