अतिचंचल मुलांना माणसाची हालचाल कशी दिसते?

संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाटेवरून कोणीतरी येत असते. चेहरा दिसत नाही, कपड्यांचा रंग कळत नाही. तरीही आपण सहज म्हणतो, 'हे तर आपले मामा!' चालण्याच्या ढबीवरून आपण माणूस ओळखतो. तो थकला आहे की घाईत आहे, रागावला आहे की आनंदात आहे, हेही पुष्कळदा त्या ढबीवरूनच समजते. ही विद्या आपल्याला कोणी शिकविलेली नसते. म्हणूनच ती सर्वांना सारखीच साधत असेल, असे आपण गृहीत धरतो. काही मुलांच्या बाबतीत मात्र हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

ही मुले म्हणजे 'एडीएचडी' असलेली मुले. अवधान टिकविण्यात अडचण, अतिचंचलता आणि विचार करण्याआधीच कृती करून मोकळे होणे, ही या अवस्थेची मुख्य लक्षणे. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांमध्ये ती आढळते. अभ्यासातील अडचणींविषयी आपण ऐकलेले असते. परंतु या मुलांचे दुसरे दुःख तितकेसे बोलले जात नाही. ते म्हणजे मित्र न टिकणे.

शाळेच्या मधल्या सुटीतील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खेळ रंगात आला आहे. एक मुलगा पाऊल मागे घेतो, खांदे आखडतो, मान वळवितो. 'आता पुरे' हे तो तोंडाने बोलत नाही, त्याचे अंग बोलते. इतर मुले थांबतात. एकजण मात्र ढकलाढकली करीतच राहतो. मग तक्रार होते, शिक्षा होते आणि 'घरचे वळणच नाही' असा शेरा मारला जातो. त्या मुलाला समोरच्याच्या अंगाची भाषा दिसली तरी होती का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

काळोखातील प्रकाशबिंदू

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारता येतो, याचे श्रेय स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांना द्यावे लागेल. १९७३ साली त्यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. एका माणसाच्या खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले आणि बाकी सर्व काळोखात राहील अशा रीतीने त्याचे चित्रण केले. पडद्यावर उरले केवळ दहा-बारा ठिपके. ते स्थिर असताना पाहणाऱ्याला त्यांचा काहीच अर्थ लागत नाही. पण ते हलू लागताच 'माणूस चालतो आहे' हे क्षणार्धात उमगते. यासाठी सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरतो, असे पुढे त्यांनी दाखवून दिले. चालणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हेही अशा ठिपक्यांवरून बऱ्याच वेळा ओळखता येते, असे अमेरिकेतील संशोधकांना १९७७ साली आढळले.

सजीवांच्या या हालचालीला शास्त्रज्ञ 'जैविक हालचाल' म्हणतात. तिच्याकडे ओढले जाणे आपल्यात जन्मजात असावे. इटलीतील संशोधकांनी २००८ साली अवघ्या दोन दिवसांच्या अर्भकांना ठिपक्यांची चित्रे दाखविली. अस्ताव्यस्त फिरणाऱ्या ठिपक्यांपेक्षा चालत्या कोंबडीचे ठिपके ती अधिक वेळ न्याहाळत राहिली. त्या बाळांनी तोवर कोंबडी पाहिलेलीही नव्हती!

ही हालचाल ओळखताना मेंदू दोन कामे करतो. पहिले म्हणजे सुट्या ठिपक्याची, विशेषतः पावलांच्या ठिपक्यांची गती टिपणे. पाऊल उचलले जाते, खाली येते. त्या लयीत सजीवपणाची खूण असते. दुसरे म्हणजे सर्व ठिपके जोडून देहाची संपूर्ण आकृती उभी करणे. अक्षर ओळखणे आणि शब्द वाचणे यांत जसा फरक आहे, तसाच काहीसा हा फरक.

बीजिंगमधील अभ्यास

स्वमग्न मुलांच्या बाबतीत या क्षमतेचा अभ्यास बराच झाला आहे. एडीएचडीकडे मात्र संशोधकांचे लक्ष उशिरा गेले. जर्मनीत २०१४ साली अशा मुलांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजण्यात आल्या, तेव्हा जैविक हालचाल पाहताना त्यांचा मेंदू काहीशा वेगळ्या रीतीने काम करतो असे दिसले. त्यानंतर बीजिंगमधील संशोधकांनी ही दोन्ही कामे वेगवेगळी तपासली. त्यांचा अभ्यास 'ईलाइफ' या नियतकालिकाने २०२३ साली पुढे आणला.

त्यातील निष्कर्ष समजून घेण्यासारखे आहेत. एडीएचडी असलेल्या मुलांना सुट्या ठिपक्यांची गती ओळखणे आणि पूर्ण आकृती ओळखणे, ही दोन्ही कामे इतर मुलांच्या तुलनेत जड गेली. सुट्या गतीची जाण आणि समाजात मिसळण्याचे कौशल्य यांचा परस्परसंबंध आढळला. पूर्ण आकृती ओळखण्याची क्षमता मात्र वयाबरोबर लक्षणीय वाढत असल्याचे दिसले. पालकांना यातून धीर मिळावा. शिवाय, अवधान टिकवून ठेवण्याची शक्ती आणि ही एकूण क्षमता यांचाही संबंध दिसून आला.

येथे थोडे थांबले पाहिजे. अशा मुलांचे डोळे अधू असतात, असा याचा अर्थ नव्हे. चष्म्याने हा प्रश्न सुटणारा नाही. दृश्य डोळ्यांपुढे असते, पण त्याचा अर्थ लागण्यासाठी जे अवधान काही क्षण तेथे टिकावे लागते, ते निसटून जात असावे. खांदे आखडले जाणे, पाऊल मागे सरकणे या गोष्टी निमिषभरात घडतात. ते निमिष हुकले की निरोपच हुकला. तसेच, दोन गोष्टींत संबंध आढळला म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. काही मुलांमध्ये एडीएचडी आणि स्वमग्नता एकत्र असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. ठिपक्यांची ही चाचणी निदानासाठी नाही. निदान तज्ज्ञ डॉक्टरांनीच मुलाचे घरातील आणि शाळेतील वर्तन समजून घेऊन करावयाचे असते.

आपण काय करू शकतो?

या संशोधनातून एखादे औषध किंवा व्यायाम हाती येत नाही. पण मोठ्यांच्या वागण्याला एक दिशा मिळते. डोळे वटारणे, भुवई उंचावणे, हाताने खुणावणे ही आपली नेहमीची शस्त्रे. ज्या मुलाला ती टिपताच येत नाहीत, त्याच्यावर त्यांचा मारा करून काय साधणार? त्याऐवजी जवळ जावे, नावाने हाक मारावी, त्याचे लक्ष आपल्याकडे आल्यावर एकच लहान वाक्य बोलावे: 'त्याला आता खेळायचे नाही, थांब.' अंग जे सांगते ते शब्दांत उतरवून द्यावे. भांडण शमल्यावर, शांत वेळी, तोच प्रसंग सावकाश उभा करावा: 'तो मागे सरकला, तेव्हा त्याला काय वाटत असेल?' वर्गातील इतर मुलांनाही 'थांब' हे तोंडाने सांगायला शिकविता येते. योग्य निदानानंतर पालकांचे प्रशिक्षण, वर्तनोपचार आणि गरजेनुसार औषधे यांचा उपयोग होतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

'याला कितीदा सांगितले तरी कळत नाही' असे आपण चिडून म्हणतो. पुष्कळदा आपण सांगितलेलेच नसते. केवळ दाखविलेले असते. आपल्याला न शिकताच जे दिसते, ते या मुलाला कोणीतरी हात धरून दाखवावे लागते. तसे दाखवणारा एक जरी मोठा माणूस त्याला लाभला, तरी मधल्या सुटीत ते मूल एकटे पडणार नाही.